चुंबकाशेजारचं घड्याळ

"ढकलू नको, टिचकी मार."

जळगावच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाने नानांचं हे वाक्य ऐकलं असेल. नाना तिथले अटेंडंट. चुंबकावर कागद, कागदावर लोखंडाचा कीस, आणि नानांच्या नखाची हलकी टिचकी. कीस आपोआप रेषांत उभा राही. त्याआधी मात्र ते दारातच सगळ्यांची मनगटी घड्याळं काढून घेत. "चुंबकाजवळ गेलं का बंद पडतं."

मी सावद्याचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. धुळ्याच्या भाषणस्पर्धेसाठी मला विषय मिळाला, गुरू ग्रहाचं चुंबकीय कवच. सूर्याकडून येणारा भारित कणांचा वारा स्वतःचं चुंबकत्व घेऊन त्या कवचावर आदळतो. दोघांची दिशा उलट असली की सीमेवर रेषा तुटतात, एकमेकींशी जुळतात आणि वाऱ्याला आत वाट मिळते. मला कळलं होतं, सांगता येत नव्हतं. सरावात दहा मिनिटांचं भाषण मी चारच मिनिटांत संपवलं. सर म्हणाले, "उद्याही असंच झालं तर धुळ्याला दुसऱ्याला पाठवतो."

प्रयोगशाळेत येऊन नुसताच कीस चिवडत बसलो.

"काय अडलं, भाऊ?"

"रेषा जुळतात कशा, ते दाखवता येत नाही, नाना."

त्यांनी दोन चुंबकं शेजारी ठेवून टिचकी मारली. रेषा एकमेकींना टाळून गेल्या. मग एक चुंबक उलटं फिरवलं. पुन्हा टिचकी. या चुंबकाच्या रेषा थेट त्या चुंबकात!

"हे पाय, सोयरीक जमली!"

दुसऱ्या दिवशी सरांना तेच दाखवलं आणि माझं नाव कायम राहिलं. धुळ्याला चुंबकं घेऊन नानाही आले. "वेळ यात पाय. घाई करू नको," म्हणत त्यांनी स्वतःचं घड्याळ माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. मी बोलू लागलो. कधीही पाहावं, तर वेळ भरपूर उरलेला. कीस जुळताना परीक्षक खुर्ची सोडून टेबलापाशी आले. घंटा वाजली तेव्हा मी दचकलो. दहा मिनिटं झाली होती आणि काटे जेमतेम दोनच मिनिटं पुढे सरकले होते. घड्याळ चुंबकाला टेकलेलं होतं.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "नाना, घड्याळ चुंबकाजवळ? तुम्ही?"

"म्हातारा झालो, भाऊ," म्हणून ते खिडकीबाहेर बघत हसले.

ते घड्याळ पुढे धड चाललंच नाही. मी दिसलो की नाना दारातून विचारत, "किती वाजले, भाऊ?"

ते निवृत्त झाले, त्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेवरून चाललो होतो. सवयीने मनगट वर केलं आणि रिकाम्या दाराला सांगून टाकलं, "सव्वाअकरा, नाना."