पोटातला संगणक आणि वरच्या मजल्यावरचे तंबी

यंत्राशीसुद्धा खोटं बोलायचं नाही, असा नेम असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. माणसांशी खरं बोलणारे पुष्कळ असतात. त्यातले निम्मे समोरच्याला टोचायला मिळतं म्हणून बोलतात. पण कुणी बघत नसताना एका पडद्यावरच्या चौकोनाला खरं उत्तर द्यायचं म्हणून ज्याची झोप उडते, असे फक्त आमच्या वरच्या मजल्यावरचे तंबी. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्यांची थोरली बहीण आक्का त्यांना तशी हाक मारायची, म्हणून दूधवाला, वॉचमन आणि चेन्नईच्या मैलापुरातली आमची सगळी इमारत, सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांना तंबीच म्हणायची. दोघं तंजावरकडची मराठी. शेकडो वर्षांपूर्वी पूर्वज इकडे आले ते आलेच. त्यांचं मराठी ऐकताना मला वाटे की एखादा जुना कागद तमिळ चालीत गातो आहे. मी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेला, मूळचा साताऱ्याकडचा, म्हणून तंबींच्या तोंडी मी 'सातारकर सार'. आक्का मात्र मला 'साताऱ्याचा पोर' म्हणत. तेव्हा माझी साठी झालेली होती.

एटीएमने व्यवहार संपल्यावर विचारावं, 'आणखी काही व्यवहार करायचा आहे का?' आणि तंबींनी तिथं विचारात पडावं. मागे रांग. ऊन. कुणीतरी तमिळमध्ये ओरडतंय, "पेरियवरे, अहो आजोबा, झोपलात का?" आणि हे मागे वळून शांतपणे त्याला सांगताहेत, "करायचा तर आहे, पण आज नाही. हे यात कुठं सांगायचं?" टेलिफोनवरची बाई 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणाली की हे "थँक्यू अम्मा, सावकाश होऊ दे" म्हणायचे. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरातल्या संगीताच्या हंगामात, सभेत गाणं ऐकायला गेले आणि मध्ये डुलकी लागली, तर शेवटी टाळ्या वाजवायचे नाहीत. "झोपेतल्या भागाला कशी वाजवू, सार?" एकदा त्यांच्या संगणकावर मी कसलासा प्रोग्रॅम घालत होतो. 'मी सर्व अटी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत' असं आलं. मी सवयीने बटण दाबायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला, आतून भिंग आणलं आणि वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. "सार, यात 'मान्य आहे' असं एक बटण आहे आणि 'मान्य नाही' असं एक. 'बहुतेक मान्य आहे' कुठं आहे?"

याहून गमतीची एक सवय होती. जे स्वतः पाहिलं नाही, त्यापुढे ते 'असं म्हणतात' जोडायचे. अगदी न चुकता. "मी तंजावरात जन्मलो, असं आई म्हणायची." "आज मंगळवार, असं कॅलेंडर म्हणतं." मी एकदा चिडून म्हणालो, "तंबी, तुम्ही होतात ना हो तिथं जन्माच्या वेळी!" त्यावर ते खरोखरच आठवायला लागले आणि म्हणाले, "होतो खरा, पण लक्ष नव्हतं."

या माणसाची एक गोष्ट मी आमच्या मंडळाच्या गणपतीत, सहलीत, लग्नाच्या पंगतीत अनेक वर्षं सांगत आलो. हमखास हशा मिळतो. पण तिचा एक तुकडा मी नेहमी गाळला. आता ऐकणारे बरेचसे गेले, मीही रांगेत उभा आहे. तेव्हा एकदा सगळीच सांगून टाकतो.

तंबींकडे एक मराठी टाइप करायचा जुना प्रोग्रॅम होता. गावातल्याच एका छोट्या कंपनीने केलेला. त्यातली अक्षरं बाहेर दुसऱ्या कशात उघडली तर नुसती कोळ्याची जाळी दिसे. आणि त्याचं कुलूप एका ठरावीक संगणकालाच बांधलेलं, संगणक बदलला की कंपनीकडून नवी चावी आणायची. जुना संगणक मोडायला आला तेव्हा त्या कंपनीतल्या एका भल्या माणसाने तंबींच्या दुसऱ्या संगणकाच्या आत आणखी एक संगणक तयार करून दिला. म्हणजे खरा नव्हे, एका फोल्डरमध्ये मावणारा. व्हर्च्युअल मशीन. त्यात प्रोग्रॅम घातला, चावी फिरवली. पुढे कंपनीच बंद झाली. तंबी त्याला 'पोटातला' म्हणत. "सार, पोटातला बरा आहे, बाहेरचाच आजारी आहे."

पोटातल्यात काय होतं? आक्कांची गाणी. पाळण्याची, न्हाणाची, जावयाची थट्टा करायची, त्यांच्या आईच्या तोंडची. आक्कांची नजर गेली होती आणि आठवणही विरत चाललेली. रोज कापी, म्हणजे कॉफी, झाल्यावर अर्धा तास तंबी पडद्यावरून एक गाणं वाचायचे आणि आक्का खुर्चीतून हुकूम सोडायच्या. "तसं नव्हे रे! आई हिथं थांबत होती. थांब की!" वाचून दाखवलं की त्यांना पुढची ओळ सुचे, आपोआप कधीच सुचत नसे. तंबी ती टाइप करायचे आणि खाली कंसात खरंखुरं टिपण ठेवायचे : 'इथे आक्काला शिंक आली, एक शब्द गेला.' पोटातला गेला असता, तर आक्कांची ती अर्ध्या तासाची आईसुद्धा गेली असती.

तर बाहेरच्या संगणकाचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. नवा संगणक आला, आणि हलवाहलवीचं काम अर्थातच माझ्याकडे. एका रविवारी सकाळी मी पोटातला नीट बंद केला, त्याचं फोल्डर माझ्या हार्ड डिस्कवर घेतलं आणि तिथून नव्या संगणकावर उतरवलं. सुरू करायला गेलो तर पडद्यावर प्रश्न आला : 'हे मशीन तुम्ही हलवलं आहे की त्याची नक्कल केली आहे?'

मी 'हलवलं' दाबायला गेलो. मनगटावर हात आला.

"सार, आपण काय केलं?"

"कॉपी केलं."

"मग नक्कल की हो."

"तंबी, नक्कल म्हटलं तर हा त्याला नवा नंबर देईल. आतल्या प्रोग्रॅमला वाटेल संगणक बदलला. कुलूप लागलं की चावी द्यायला कंपनी आहे कुठं?"

"म्हणजे खरं बोललं तर आक्काची गाणी जाणार."

"होय. आणि 'हलवलं' म्हटलं तर कुणाचं काही जात नाही."

तंबींनी चष्मा काढला. नव्या संगणकाकडे पाहिलं, जुन्याकडे पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा भिंग येणार. पण निवाडा खुर्चीतून आला. आक्का म्हणाल्या, "त्यात काय एवढं? घर बदललं की आपण देवापुढचा दिवा नव्या घरी नेतो. मग जुन्या घरी काय करतो रे तंबी?"

"अंधार."

"हां. दोन घरी एक दिवा जळत नाही. हा साताऱ्याचा पोर तिथं घराला कुलूप लावून आला आणि इथंही चूल मांडून बसला. ती नक्कल. तिथं अंधार केला की आपण हललो."

तंबींचा चेहरा उजळला. "जुनं पुसा, सार. पुसलं की 'हलवलं' हे खरंच होईल."

मी हादरलो. बँकेत आयुष्यभर एकाच गोष्टीची भीती बाळगली होती, एकुलत्या एका प्रतीची. नवा संगणक कसा निघेल, उतरवताना एखादी फाइल अर्धवट आली असेल, आत्ता वीज गेली तर! मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "भीती खरी आहे. पण ती कारण झाली, उत्तर नाही." शेवटी त्यांच्या देखत मी जुन्या संगणकावरचं फोल्डर पुसलं. मग त्यांनी माझ्या हार्ड डिस्ककडे बोट केलं. "यातलंही."

मी पडद्यावर वाकलो, दोनचारदा टिकटिक केली आणि म्हणालो, "पुसलं."

पुसलं नव्हतं. डिस्क पिशवीत गेली.

तंबींनी माऊस हातात घेतला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणत 'हलवलं' दाबलं. पोटातला जागा झाला, कुलूप शहाण्यासारखं उघडंच राहिलं, अक्षरं आली. पाळण्याची पहिली ओळ वाचल्याबरोबर आक्का ओरडल्या, "थांब की रे तिथं!"

पंगतीत मी गोष्ट इथे संपवत असे. एका बटणाशी खरं बोलायला एकुलती प्रत पुसणारा वेडा म्हातारा, लोक हसून लोळायचे. पिशवीतल्या डिस्कबद्दल अवाक्षर नाही. त्यात तंबींनी माझं प्रमाणपत्र इमारतभर वाटलेलं. पाण्याच्या टाकीवरून भांडण जुंपलं की हे उभे राहायचे, "सातारकर सार म्हणतात ना? मग संपलं." मी मान खाली घालायचो. ज्याने जन्मात खोटं उत्तर दिलं नाही, त्याच्या बोटाने मी एक देववलं, हे मला सलत राहिलं. सांगितलं असतं तर ते रागावले नसते, मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फक्त डिस्क पुसायला सांगितलं असतं, आणि तेच माझ्याच्याने झालं नसतं.

आधी आक्का गेल्या. मग काही वर्षांनी तंबी. बंगळूरहून नातेवाईक आले, त्यांनी घर रिकामं केलं. मी तेव्हा इस्पितळात होतो. घरी आलो तर वॉचमन म्हणाला, संगणक भंगारवाल्याने नेला. त्या रविवारनंतर आक्कांनी सांगितलेल्या ओळी त्याबरोबर गेल्या. त्याआधीच्या माझ्या डिस्कवर राहिल्या.

मी कपाटातून डिस्क काढली, फोल्डर माझ्या संगणकावर उतरवलं, डिस्कवरचं खरोखर पुसलं. आणि तोच प्रश्न पुढे उभा राहिला : हलवलं की नक्कल? बटणावर बोट ठेवताना एकाएकी आठवलं, त्या दिवशी तंबी काय पुटपुटले होते ते. इतकी वर्षं मी त्यांची लकब म्हणून सोडून दिलं होतं. "हलवलं," ते त्या पडद्याला म्हणाले होते, "असं सार म्हणतात."

म्हणजे त्यांनी खोटं उत्तर दिलंच नव्हतं. ते सगळं माझं एकट्याचं होतं.

मी उठलो. गुडघे धरत वरच्या मजल्यावर गेलो. दार सताड उघडं, आतल्या भिंतींना नवा चुना, आणि देवाच्या कोनाड्यात दिवा तर नव्हताच, त्याच्या धुराचा काळा डागही उरला नव्हता. परत खाली येऊन खुर्चीत बसलो आणि दम खात, मोठ्याने पडद्याला सांगितलं, "हलवलं. आत्ताच वर जाऊन पाहून आलोय."