हळदीला गायली काशीबाईंची नमिता

सानपाडा गावात काशीबाई मढवींना ओळखत नाही असं घर नाही. चाळीस वर्षं त्या लग्नघरी धवळे गात आल्या आहेत. धवळे म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत दर विधीला म्हणायची आगरी गाणी, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. त्यांची लेक नमिताही गाते, पण जर्मनीत, ऑपेरामध्ये. ऑपेरा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की वडील, कमळाकर, सांगायचे, "अख्खं नाटक गान्यात. बोलनं नायच."

शाळेतल्या श्रुती टीचरनी प्रार्थनेच्या वेळी तिचा आवाज हेरला आणि पाश्चात्त्य गाणं शिकवायला घेतलं. बाविसाव्या वर्षी नमिता जर्मनीला गेली. पहिली सहा वर्षं कोरसमध्ये गेली, मग मोलकरणी, दाया, राणीच्या सख्या अशी कामं मिळाली. पस्तिशीत पहिल्यांदा नायिकेची भूमिका आली आणि पहिला प्रयोग नेमका धाकट्या भावाच्या, दिपेशच्या हळदीच्या दिवशी ठरला.

दोन चुलत बहिणींची लग्नं तिने मोबाइलवर पाहिली होती. या वेळी ती सरळ दिग्दर्शिकेकडे गेली. पहिले दोन प्रयोग दुसरी गायिका करेल, तिसऱ्यापासून नमिता, असं ठरलं. तिच्या मनाला थोडं लागलं, पण विमानात बसल्यावर गाढ झोप आली.

हळदीच्या सकाळी काशीबाईंचा घसाच बसला. मांडव बायकांनी भरलेला, नवरदेव पाटावर. काशीबाईंनी लेकीकडे बोट दाखवलं.

"मला सगळे शब्द कुठं येतात?" नमिता म्हणाली.

"मी सांगतय ना कानात."

नमिता उभी राहिली. पाठ ताठ केली, पोटापासून श्वास भरला आणि सूर लावला. नऊशे लोकांच्या थिएटरात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय तिला. तो सूर मांडव ओलांडून समोरच्या सोसायटीत शिरला. तिथे बाल्कनीत माणसं येऊन उभी राहिली. मांडवातल्या बायका मात्र गप्पच बसल्या.

काशीबाईंनी तिचा पदर ओढला. "खाली बस गो," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "कोनाला हाका मारतंस? नवरा इथंच हाय. आन बायकांना म्हनायला जागा ठेव."

नमिता चटईवर आईला चिकटून बसली. आवाज उतरवला, शेजारणीशी बोलावं तितका. एक ओळ म्हणून ती थांबली. मग आत्याने दुसरी ओळ उचलली, तिच्यामागून चाळीस बायकांनी. नमिताच्या अंगावर काटा आला. कोरसमधून बाहेर पडायला तिने सहा वर्षं घालवली होती, आणि आता या आवाजांत मिसळताना तिला फार बरं वाटत होतं.

दीड तास हळद चालली. दिपेश कानापर्यंत पिवळा झाला. शेवटी काशीबाई म्हणाल्या, "दम चांगला टिकवतंस." वर्तमानपत्रांतली परीक्षणं नमिताने जपून ठेवली होती. पण एका गाणाऱ्या बाईने दिलेली ही दाद तिला त्या सगळ्यांपेक्षा मोलाची वाटली.

चार दिवसांनी ती परत गेली आणि तिसऱ्या प्रयोगाला नायिका म्हणून उभी राहिली. प्रयोग छान रंगला. रंगपटात येऊन तिने मोबाइल पाहिला तर आईचा निरोप होता: तुर्भ्याच्या क्रांतीचं लगीन मे महिन्यात हाय. गायला तुलाच बोलवलाय.

नमिताने डायरी काढली. दहा मेनंतर ती मोकळी होती.

"येते," तिने लिहिलं.