कंदिलाचा पाचवा भाग

नितीनची आणि माझी शेवटची नीट भेट, म्हणजे तो शुद्धीत असतानाची, हॉस्पिटलमध्ये भर दुपारी जेवणाच्या ट्रॉलीच्या खडखडाटात झाली. सूप त्याने नेहमीप्रमाणे बाजूला सारलं होतं. मी काहीबाही बडबडत होते. मधेच तो म्हणाला, "ताई, तारीख आली का गं?" मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. या वेळी पक्कं आहे म्हणे." तो हसला. "मग थांबू की," म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. माझा धाकटा भाऊ चाळिसाव्या वर्षी एका व्हिडिओ गेमची तारीख विचारत गेला, असं मी सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांना सांगायचे. त्यांनाही ते ऐकून जरा बरं वाटायचं. आता सांगत नाही.

आम्ही मूळचे कऱ्हाडचे. लग्न होऊन मी अमिरातीतल्या अल ऐनला आले, इथल्या एका शाळेत शिकवू लागले, आणि चार वर्षांनी नितीनला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरी लागली. क्वालिटी इन्स्पेक्टर. बाटल्यांची झाकणं तपासायची, नीट बसत नसतील ती बाजूला काढायची. कंपनीच्या खोलीत तो पेशावरच्या इक्बालबरोबर राहायचा. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारून विचारून मी त्याचं डोकं खाल्लं आणि एक दिवस थांबले. शनिवार-रविवारी बसने आमच्याकडे यायचा. हातात कपड्यांची पिशवी आणि खिशात ते यंत्र.

ते यंत्र म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा छोटा कन्सोल. नितीनने घेतला तेव्हाच त्या यंत्राचे दिवस भरत आले होते. सगळं जग फोनवर खेळायला लागलं होतं, दुकानांतून त्याचं कपाट हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकत होतं. त्यात ह्याने सहाशे दिरहम मोजले. "सहाशे! म्हणजे अकरा हजार रुपये? खेळण्यावर?" मी ओरडले होते. तो म्हणाला, "खेळणं नाही ताई. हे एकच यंत्र असं आहे, की ज्यावर मी मजेत घाबरत बसलो असताना मधेच बॉसचा फोन येऊ शकत नाही." पुढे नवे गेम येणं जवळजवळ थांबलं, दुरुस्ती करणारे थांबले, बॅटऱ्या फुगायला लागल्या. हा दुबईतल्या देराच्या गल्ल्यांतून बंद पडलेले तसलेच कन्सोल शोधून आणायचा आणि एकाचे अवयव दुसऱ्याला बसवायचा.

त्यावर तो खेळायचा ती एक भीतीच्या खेळांची मालिका. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आमच्या घरात तिला 'कंदील' म्हणत. एक बाई रिकाम्या गावात स्वतःचं घर शोधत फिरते आणि तिच्या हातात फक्त एक कंदील असतो. बस्स. मारायला काही नाही. कुणी जवळ आलं की वात बारीक करायची आणि भिंतीला चिकटून उभं राहायचं. पहिला भाग त्याने मला जबरदस्तीने खेळायला लावला होता. मी पहिल्याच बोळात किंचाळून कन्सोल सोफ्यावर फेकला. तो पोट धरून हसला.

दुसरा भागही चांगला होता म्हणे. तिसऱ्यात बाईच्या हातात पिस्तूल आलं. चौथ्यात तर चार साथीदार, मशीनगन आणि हेलिकॉप्टर. मग फोनवर एक भाग आला, त्यात पैसे भरून पेट्या उघडायच्या. माझी मुलगी रेवा चौदा वर्षांची आहे, मामाच्या मांडीवर बसून हे सगळं बघत मोठी झालेली. तिने निकाल दिला, "मामा, इट्स नॉट इव्हन स्केअरी एनीमोर." नितीनला ते फार लागलं. जेवताना तो माझ्याशी, जिला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, तावातावाने बोलत होता. "बंदूक दिली की ती भीती उरत नाही गं, काम होतं. आपल्याकडे काहीच नाही, हे आधी माणसाला कळलं पाहिजे. मग तो नीट चालतो." मी म्हटलं, "आमटी गार होतेय."

आणि मग पाचव्या भागाची बातमी आली. पहिला भाग बनवणारी जुनी मंडळी परत आली होती. पुन्हा एकटी बाई, पुन्हा कंदील, आणि तोही ह्याच जुन्या कन्सोलवर. तीन वर्षं तो त्या भागाची वाट बघत होता.

जानेवारीत त्याच्या पोटात दुखायला लागलं. पॅन्ट सैल झाली. मी त्याला अल ऐनला आणलं, तपासण्या केल्या. डॉक्टर इजिप्शियन बाई होत्या, शांत. त्यांनी मला बाहेर बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. त्या म्हणाल्या की पेशंटला सांगायला हवं, हा त्याचा हक्क आहे. मी हात जोडले. अक्षरशः. "डॉक्टर, प्लीज. ही इज माय लिटल ब्रदर." त्या म्हणाल्या, तो स्वतः विचारेल तेव्हा मी खोटं बोलणार नाही. त्याने विचारलं नाही. मला तो माझाच विजय वाटला.

आपल्याकडे हे असंच करतात. बाबांनाही आम्ही सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा ते लपवण्यात नितीन माझ्याबरोबर होता. त्यामुळे मी त्याला अल्सर सांगितला. रिपोर्टची फाइल गाडीच्या डिकीत, पिकनिकच्या खुर्च्यांखाली दडवून ठेवली. औषधांवरची लेबलं नखाने खरवडली. नवऱ्याला दम दिला, की डोळ्यांत पाणी आलं तर बाल्कनीत जायचं. नितीन आता आमच्याकडेच राहायला आला होता आणि मी घर अगदी हसतं ठेवलं होतं.

त्याच सुमारास रेवा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "मम्मा, इट्स कॅन्सल्ड." मला आधी कळेचना. पाचवा भाग रद्द झाला होता. कंपनी तो कन्सोलच बंद करणार म्हटल्यावर त्याच्यासाठी गेम कोण काढणार? मी तिचा दंड धरला. "मामाला बोलायचं नाही. एक शब्द नाही." ती म्हणाली, "बट ही'ल फाइंड आउट." मी म्हटलं, मी आहे ना.

मग मी दर आठवड्याला त्याला बातम्या द्यायला लागले. गेमच्या! मी, जिने आयुष्यभर नाक मुरडलं. कधी म्हणायचे आवाजाचं काम राहिलंय, कधी म्हणायचे जपानमध्ये आधी येणार. एकदा तर ठोकून दिलं की अरबी सबटायटल्समुळे उशीर होतोय. तो उशीला टेकून मन लावून ऐकायचा. "अरबी? वा. मोठंच काम काढलंय," म्हणायचा. वर दोन प्रश्न विचारायचा, आणि मी त्यांची उत्तरं शोधायला अभ्यास करायचे. त्याचं वजन सत्तेचाळीस किलोवर आलं आणि मी पाचव्या भागात हेलिकॉप्टर नाही, ह्याची त्याला खात्री देत बसले होते.

गेल्या शुक्रवारी इक्बाल आला. कंपनीच्या खोलीतलं नितीनचं सामान घेऊन. कपडे, पाकीट, एकाच जातीचे तीन बंद कन्सोल. तो मला बाजी म्हणतो, म्हणजे ताईच. चहा घेता घेता मी त्याला म्हटलं, एक बरं झालं, नितीनला काही कळलं नाही. इक्बालने कप खाली ठेवला.

"बाजी, नितीन भाई को सब पता था."

मी हसले. म्हणजे तोंड हसलं. तो म्हणाला, रिपोर्ट आला त्याच दिवशी हॉस्पिटलच्या ॲपवर नितीनला मेसेज आला होता... इथे सगळ्यांच्याच फोनवर येतो. मला कसं सुचलं नाही? शाळेच्या फीपासून गाडीच्या दंडापर्यंत सगळं फोनवर बघणारी मी कागदाची फाइल डिकीत लपवून निर्धास्त झाले होते! कारण बाबांच्या वेळी कागदच लपवला होता.

"और वो गेम?" मी विचारलं.

"वो तो उसी ने मुझे बताया, बाजी. बोला खलास, अब नहीं आएगा."

"मग मला का नाही... मुझे क्यों नहीं बोला?"

इक्बाल गालिच्याकडे बघत होता. "बोला, ताई इतनी मेहनत से झूठ बोलती है. कैसे रोकूँ."

मला त्याला उठवून घालवून द्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी विचारलं, नितीन घाबरला होता का. इक्बाल म्हणाला, "शुक्रवार को फोन करता था. जब आप सौदा लेने जाती थीं. रोता था. मैं क्या बोलता बाजी... बस फोन पकड़ के बैठा रहता था."

शुक्रवारी शाळा लवकर सुटते, आणि इक्बालला कारखान्यातून मोकळीक मिळते तीही शुक्रवारी दुपारीच. मी घरी आले की नितीन मला काहीतरी आणायला पाठवायचा. लबने, म्हणजे इथला चक्का, आण, लिंबं आण, टोस्ट आण. त्यातलं काही तो खायचा नाही, फ्रिज नुसता भरत जायचा आणि मी चिडायचे. दुकान कोपऱ्यावरच आहे. तो एकटा पडू नये म्हणून मी धावतपळत जायचे आणि दहा मिनिटांत परत यायचे. दार उघडलं की तो म्हणायचा, "आलीस पण?" मला वाटायचं, कौतुक करतोय.

शुक्रवारचं ते जाणं माझं अजून सुटलेलं नाही. आज पुन्हा शुक्रवार होता. मी दुकानात गेले, लबनेचा डबा उचलला आणि तिथेच उभी राहिले. दुकानदार दोनदा म्हणाला, "मॅडम, और कुछ?" मी पाऊण तास होऊ दिला. मग घरी आले. घरात कुणी नव्हतं, किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. तरी मी आधी बेल वाजवली, आणि जरा वेळ बाहेरच थांबले.