काकूंची सकाळची फेरी

सिंधूकाकू रोज सकाळी आमच्या मजल्यावरची सगळी दारं ठोकत. मजला विनिपेगमधला, म्हणजे कॅनडातल्या अशा शहरातला, जिथे हिवाळ्यात डोळ्यांतलं पाणीसुद्धा गोठतं. आणि काकू वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या. पातळावर मुलाचं जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे, अशा थाटात त्या प्रत्येक दारापुढे उभ्या राहत आणि आपल्या बोलीत विचारत, "झाला का जी चहा?" आतून कुणी काहीही बोललं की त्या पुढच्या दाराकडे वळत. उत्तराशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आवाज आला की पुरे.

मी हिंगणघाटची. नोकरीसाठी विनिपेगला एकटीच राहत होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये काकूंचा मुलगा प्रशांत, त्याची बायको आणि छोटा मुलगा. नातवाला सांभाळायला म्हणून काकूंना बोलावून घेतलेलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दारापुढे रांगोळी घातली, तीही कॉरिडॉरच्या गालिच्यावर. सडा टाकायलाही निघाल्या होत्या, पण प्रशांतने हातातला तांब्या काढून घेतला. "असं कसं घर बाप्पा," त्या मला म्हणाल्या, "अंगणात चटई घातली अन् दारं लावून बसले."

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉरिडॉरच्या टोकाच्या फ्लॅटमधून पोलिसांनी एका म्हाताऱ्याला बाहेर काढलं. तो मरून बरेच दिवस झाले होते. वास सुटला म्हणून कळलं. मलाही धक्का बसला, नाही असं नाही. पण संध्याकाळपर्यंत मी कामाला लागले होते. काकूंनी मात्र त्या दिवशी चूल पेटू दिली नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि एकच गोष्ट घोळवत राहिल्या.

"सामनेच रायते लोकं. येतेत, जातेत. अन् कोणालेच मालूम नाई?"

"इथे कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही, काकू."

"डोकावू नको म्हना. पन जित्ता हाय का मेला, हे बी नाई पाहाचं?"

दुसऱ्या दिवसापासून फेरी सुरू झाली. प्रशांतने समजावलं, सुनेने हात जोडले. काकू बधल्या नाहीत.

समोरच्या फ्लॅटमध्ये वॉल्टर नावाचे निवृत्त बसड्रायव्हर राहत. एकटेच. त्यांनी रीतसर तक्रार केली, की एक बाई रोज दार वाजवते, तिला काय हवंय ते समजत नाही. इमारतीची मॅनेजर चौकशीला आली आणि दुभाषी म्हणून मला उभं केलं.

"त्यांना काय हवंय?"

"काही नाही. चहा झाला का, एवढंच विचारतात."

"का पण?"

मी काकूंना विचारलं. त्यांनी मॅनेजरकडे असं पाहिलं, जणू तिचं सगळं बालपणच वाया गेलं असावं. "काऊन म्हंजे? सकाळ झाली ना."

हे मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं. वॉल्टर आपल्या दारात उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी तक्रार मागे घेतली, आणि पुढे काकूंचे हे 'वाल्टरभाऊ' दार उघडं टाकून त्यांची वाट बघू लागले. एकदा काकू तापाने पडल्या, फेरी चुकली. तर हे लांब, वाकलेले गृहस्थ त्यांच्या दारात हजर. मराठीतला एकच शब्द येत होता, तोच विचारला, "झाला?" काकू अंथरुणात उठून बसल्या आणि पोट धरून हसल्या. "पाह्य पोरी, शिकला का नाई माहा भाऊ."

नातू शाळेत जायला लागला आणि काकूंनी परतायचं काढलं. वॉल्टरना त्यांनी माझ्याकरवी सांगितलं, "माही चिंता नका करू. आमच्या गावाले दार लावाची पद्धतच नाई."

पण प्रशांतने त्यांना अल्लीपुरात राहू दिलं नाही. दवाखाना जवळ हवा म्हणून वर्ध्याला लागून पिपरी मेघेत नवाकोरा फ्लॅट घेतला होता. तिसरा मजला, दाराला लोखंडी जाळी. काकूंनी तिथेही फेरी सुरू केली. चारच दिवसांत शेजाऱ्यांनी हसून, गोड शब्दांत सांगितलं की काकू, येण्याआधी फोन करत जा. काकूंनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. "मराठीतच बोलले पोरी, तरी मले समजलंच नाई पयले. मंग बंद केलं म्या."

त्या गेल्या, ती बातमी प्रशांतने दिली. हबकायला झालं ते पुढचं ऐकून. झोपेतच गेल्या, आणि कळायला कित्येक दिवस लागले. प्रशांतला वाटलं, अल्लीपूरला गेली असेल, तिथे फोन लागत नाही. शेजाऱ्यांना वाटलं, मुलाकडे गेल्या. समोरची बाई काकूंच्या दारातली दुधाची पिशवी रोज उचलून आपल्या फ्रिजमध्ये ठेवत होती, नासू नये म्हणून. रोज त्या दारापर्यंत जात होती. रोज वाकत होती. मला अजून हे खरं वाटत नाही. चांगली बाई होती म्हणे, फार रडली.

वॉल्टरना मीच सांगितलं. ते दारातच उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार कुणीच वाजवलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

माझं इंग्रजी कुठेतरी चुकलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारला.