दादाच्या कागदावरची सही

चष्म्याच्या दुकानात ती बावीस वर्षं डोळे तपासत होती. सगळे तिला चष्मेताई म्हणत. गिऱ्हाईक नवा चष्मा मागायला आलं, तर ही सांगायची, "नंबर बदललेला नाही. आहे तोच नीट पुसून वापरा." मालक कपाळावर हात मारून घ्यायचा. "अहो ताई, दुकान माझं आहे की त्यांचं?" पण तिला काढून टाकत नव्हता, कारण लोक तिच्यासाठीच लांबून यायचे.

वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा सोळाचा. तो शाळा सोडून गॅरेजात लागला, पुढे गाडी चालवायला शिकला. हिची फी त्यानंच भरली. एकोणीस वर्षं तो एकाच शाळेची व्हॅन चालवत होता. गाडीला साधा ओरखडा नव्हता.

दर वर्षी व्हॅनवाल्यांना डोळे तपासल्याचा कागद द्यावा लागे. दादाचा कागद पाच मिनिटांत व्हायचा. त्या वर्षी तो दुपारी आला, खुर्चीत बसला आणि समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून मोकळा झाला.

"तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचू का बाईसाहेब?"

ती हसली. मग सवयीप्रमाणे त्याला समोर बघायला लावून तिनं स्वतःचं बोट डाव्या कानामागून हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांग."

बोट गालापर्यंत आलं. नाकाशी आलं.

"आण की बोट," दादा म्हणाला.

तिनं तीनदा करून बघितलं. मग त्याला आतल्या यंत्रावर बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. न दिसलेली जागा कागदावर काळी छापून यायची. त्याच्या कागदाची डावी बाजू जवळजवळ काळी होती आणि उजवीही कडेनं काळवंडली होती.

"दादा, काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून तुला कळलं नाही. गेलेलं परत येत नाही, पण थेंब घातलेस तर उरलेलं टिकेल. मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देते."

"देशील ती दे. आधी सही कर."

"नाही करता येणार. डावीकडून पोर धावत आलं तर तुला दिसणार नाही."

दादा खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "तुझ्यासाठी मी शाळा सोडली, ते दिसतं का गं तुझ्या यंत्रात?"

तिनं चिठ्ठी लिहून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला, चिठ्ठी मात्र टेबलावरच राहिली.

नऊ दिवसांनी सकाळी कामाला जाताना तिला व्हॅन दिसली. आत पोरं, पुढे दादा. कोणीतरी दुसऱ्यानं सही दिली होती. त्याच संध्याकाळी ती दादाकडे गेली. वहिनीनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"इतकी वर्षं काही झालंय का? मग आताच कसं होईल?"

"वहिनी, तुम्ही तरी त्याला थांबवा."

"थांबवते. मग दिवसभर भिंतीकडे बघत बसेल तो. तू येशील सोबतीला?"

दादा आत जेवत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाठीमागून काही करणार नाही, म्हणून तोंडावर सांगते. सोमवारपर्यंत तू शाळेत सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"सांग," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

सोमवारी दुपारपर्यंत तिनं वाट पाहिली. व्हॅन अजून दादाच चालवत होता, मग ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे तुमचे कोण?"

"सख्खा भाऊ."

बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "लेखी द्यावं लागेल."

तिनं लिहून दिलं, खाली नाव लिहिलं आणि दुकानात परत आली. एका आजोबांची चष्म्याची काडी बसवायची होती. बारीक स्क्रू होता. तो पहिल्याच खेपेला बसला.

दुसऱ्या दिवशी व्हॅनवर नवा माणूस आला. व्हॅनमधल्या पोरांच्या दोन आया दुकानात येऊन तिचे आभार मानून गेल्या. तिनं त्यांना "बसा" म्हटलं नाही. बाकीच्यांचं म्हणणं वेगळं होतं. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला, असं शेजारीण दुसरीला सांगत होती. ही जवळून गेली तरी तिनं आवाज कमी केला नाही.

दादा एका लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावायला लागला. थेंब घालत होता. औषधाच्या दुकानदाराकडून तिला कळायचं, दर महिन्याला वहिनी बाटली नेते. एवढं ऐकून ती पुढे चालायला लागायची. कधी रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. सकाळी उठायची, भाजी फोडणीला टाकायची, डबा भरायची. दादाच्या हातून कधी काही घडलं असतं की नसतं, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. तिलाही नाही. "पस्तावा होतो का?" मालकानं एकदा विचारलं. "अठरा नंबरची फ्रेम संपलीय, मागवा," ती म्हणाली.

तिसऱ्या वर्षी वहिनी जिन्यात घसरली, पाय मोडला. निरोप कोणी धाडला नाही, पण चष्मेताई आपणहून त्यांच्याकडे गेली. सहा आठवडे कामावरून सुटली की त्या घरी जाऊन स्वयंपाक करायची. दादा भाजी चिरून द्यायचा. भाजीचं ताट तिच्या डाव्या हाताला ठेवायचा आणि बाजूला व्हायचा.

"मीठ?"

"टाकलं."

सहा आठवड्यांत एवढंच बोलणं झालं, थोडंफार इकडेतिकडे. वहिनी पलंगावरून दोघांकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "घरात दोन दगड आणून ठेवल्यासारखं झालंय." कोणी हसलं नाही.

प्लॅस्टर निघालं. वहिनी काठी टेकत स्वयंपाकघरात आली, तेव्हा चष्मेताईनं ओटा पुसला, चपला घातल्या आणि निघाली. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून दादाचा आवाज आला, "उद्या नाही का येणार ती?"

वहिनी काय म्हणाली ते ऐकायला ती थांबली नाही. खाली उतरली, कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध घेतलं आणि घरी गेली.