बिनसाखरेचे डोहाळे

मला डोहाळे लागले ते डाएट सोड्याचे. आता यात माझा काय दोष? कुणाला चिंचा हव्या होतात, कुणाला ओल्या मातीचा वास. मला तो रुपेरी कॅनमधला, नाकात झिणझिण्या आणणारा काळा सोडा हवा व्हायचा, तोही अगदी गारेगार. ऑफिसात मी तो आधीही प्यायचे, वजन वाढू नये म्हणून. तेव्हा कुणी विचारलं नाही. पण तेच डोहाळे झाल्यावर घरातल्या प्रत्येकाला बोलायचा हक्क मिळाला.

घर बरकतपुऱ्यात. सासरची माणसं मूळची निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यातली, शेतीवाली. सासरे नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. ते जाऊन काही वर्षं झाली. आता घरात आम्ही तिघंच: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्यात तशीच रीत आहे. माझं माहेर सिकंदराबादचं, वडील रेल्वेत, त्यामुळे माझ्या बोलण्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ सर्रास, तर आत्याबाईंच्या बोलण्यात ‘कामून’ आणि ‘लई’. तरी एकमेकींचं सगळं कळतं, असं मला वाटायचं.

माझ्या आईचं म्हणणं, डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचा कान फुटतो. पण सोडा नक्को, त्यात केमिकल असतं. “मग कान फुटू द्यायचा का?” मी विचारलं. त्यावर ती म्हणाली, “त्यापरीस बालुशाही खा ना!” नवरा रोज मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवायचा. एक पान म्हणायचं, खुशाल प्या. दुसरं म्हणायचं, स्पर्शसुद्धा करू नका. तिसऱ्यावर मजकुराच्या आधी आइस्क्रीमची जाहिरात.

मला लहानपणापासून एक खोड आहे. हातात पडेल त्या पाकिटावरचं बारीक अक्षर मी वाचून काढते. कॅनवरचंही वाचलं. साखर नाही, साखरेच्या जागी भलंमोठं नाव असलेलं काहीतरी. मग प्रश्न सुरू झाले. साखर नाही तर गोड कसं लागतं? माझी जीभ फसते, ठीक आहे, पण आत जो कुणी बसलाय त्याची पण फसते का? त्याला पोटात गोड लागतं का? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “झोप आता.”

मग ती ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासायची चाचणी झाली. ते पाणी इतकं गोडमिट्ट की घशाखाली उतरेना. रिपोर्ट आला: साखर वाढलेली. फार नाही, पण वाढलेली. दवाखान्यात जायच्या दिवशी आत्याबाई आधीच पातळ नेसून, चपला घालून दारात उभ्या. “मी पण येते,” म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला? त्या जिना उतरायलाही लागल्या.

डॉक्टर तेलुगू बाई, हिंदीत बोलायच्या. त्यांनी समजावलं. गोड बंद, भात मोजका, जेवणानंतर चालायचं, घरच्या घरी बोट टोचून साखर बघायची. त्यावर साखर आटोक्यात आली नाही तर इन्सुलिन. साखर हाताबाहेर गेली तर बाळाला त्रास होऊ शकतो, म्हणून चालढकल नको. मी मान डोलावली आणि मग माझी पोतडी उघडली. डाएट सोडा चालेल का?

“कधीतरी चालेल, रोज नको. त्यात कॅफिन आहे, तर त्या दिवशी चहा-कॉफी कमी. जुन्या सॅकरिनच्या गोळ्या तेवढ्या टाळा. बाकीच्या गोडीच्या गोळ्या मर्यादेत घेतल्या तर हरकत नाही. तहान लागली की पाणी प्या, ताक प्या.”

“आणि बाळाला गोड लागतं का, डॉक्टर?”

त्या हसल्या. “चव कळते म्हणतात. काय आवडलं ते बाहेर आल्यावर त्यालाच विचारा.”

आता आत्याबाई खुर्चीवरून पुढे सरकल्या. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी एकच विचारलं, “उस डब्बे में शक्कर नै ना? जरा सी भी?” डॉक्टर म्हणाल्या, नाही. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “मग पी तू.”

बेकरीच्या पावाकडे संशयाने बघणारी बाई ही! वेफर्सचं पाकीट घरात आलं तर हात न लावणारी! आणि सोड्याला परवानगी?

घरी आल्यावर साखरेचा डबा वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटींकडे गेला. गुळाची ढेप त्यांच्याकडेच. मोरावळ्याची बरणीही गेली. नवरा सकाळी चहाचा घोट घेऊन ओरडला, “आई, दिवस तिला गेलेत, मला नाही!” आत्याबाई म्हणाल्या, “घरात आली की खाण्यात येते. गुमान पी.”

रविवारी त्या भाजीला नारायणगुड्याला जायच्या आणि मेथीच्या जुडीखाली झाकून एक कॅन आणायच्या. जणू काही दारूच. स्टीलच्या फुलपात्रात अर्धा ओतून मला द्यायच्या, उरलेला अर्धा माझ्यादेखत मोरीत. “ठेवला तर पिशील,” म्हणायच्या. खरंच पिले असते मी. तो फेस नाकाशी फुटायचा, मी डोळे मिटून घोट घ्यायचे आणि त्या समोर बसून बघायच्या, लेकराला औषध पाजल्यावर बघतात तशा.

माझं कुतूहल आता सोड्यावरून आत्याबाईंवर गेलं. केमिकलची भीती नाही आणि साखरेची एवढी धास्ती कामून? सासऱ्यांना शुगर होती, त्यामुळे असेल असं नवरा म्हणाला. पण सासरे तर शेवटपर्यंत चोरून शिरा खायचे आणि आत्याबाई काणाडोळा करायच्या, हे त्यानेच मला सांगितलेलं. मग? चिडचिड व्हायची माझी. एकदा आई बालुशाहीचा डबा घेऊन आली, तर आत्याबाईंनी तो उघडलासुद्धा नाही, तिच्याच पिशवीत परत ठेवला. आईचा चेहरा पडला. जिन्यात मला म्हणाली, “पोटुशी पोरीला तुकडा मिळू नये? कसली सासू गं ही!” मलाही संताप आला. वर येऊन तडक विचारलं, “आत्याबाई, एका तुकड्यानं काय आभाळ कोसळतं का?” त्या लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, शेजारपाजारच्या बायका, मराठी मंडळातल्या बायका. आत्याबाईंनी जाहीर केलं की सगळं गोडधोड मीच करणार आणि बिनसाखरेचं करणार. डॉक्टरांना विचारून आणलेल्या गोडीच्या गोळ्या त्यांनी खलबत्त्यात कुटल्या, खव्यात घातल्या आणि गॅसवर चांगलं घोटून घोटून पेढे आणि बर्फी केली. आता त्या गोळ्या चहात घालायच्या, हे पाकिटावर छापलेलं होतं. फार तापवलं तर गोडी उडून जाते, हेही छापलेलं होतं. आणि मी, जगातलं प्रत्येक पाकीट वाचणारी, नेमकं तेच वाचायची राहिले!

मग ती वाट्यांची गंमत आली. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी डावीकडची उघडली. “बर्फी! बर्फी!” बायकांनी एकच गलका केला. कुणीतरी तो तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला, बाकीच्यांनी ताटातला उचलला. आणि सगळ्या एकदम गप्प. ती बर्फी म्हणजे नुसता चिवट खवा. एकमेकींकडे बघत, मान डोलावत, “छान झालीय हं” म्हणत सगळ्या चावत राहिल्या. शेवटी वरच्या आंटींना राहवलं नाही. “तीपी लेदू!” गोडच नाही! मग जो हशा पिकला, मला हसून हसून उचकी लागली.

हसता हसता माझं लक्ष गेलं. आत्याबाई तिथे नव्हत्या. बर्फीची वाटी उघडली तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला होता. मी तो पाहिला होता, पण गलक्यात विसरले होते. आता तो आठवला आणि डोक्यात तिडीकच गेली. अच्छा! म्हणजे मुलगी नको होय! म्हणून हा सगळा पहारा, मुलगा नीट यावा म्हणून!

मी तशीच, फुलांच्या दागिन्यांसकट उठून स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या.

“मुलगी निघाली म्हणून आत निघून आलात का?” मी म्हटलं. आवाज चढलाच होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत.

“माझी पण बर्फीच निघाली होती,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. नवरा तर एकुलता एक.

“त्याच्या आधीची. पहिली. तेव्हा मी गावाकडे होते.” त्या पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडेच होते. “लई लाड केले गं माझे. सासू म्हणायची, डोहाळे आहेत, पोरीला काही कमी पडू देऊ नका. जिलबी म्हटलं की जिलबी. रात्री उठून साखरभात करून दिला मला. कुणी वाईट नव्हतं. मी मागायची, ते द्यायचे.”

बाहेर बायका अजून हसत होत्या.

“केवढी मोठी झाली होती पोर. गालाचे नुसते गोळे. सगळे म्हणाले, काय बाळसं! मी वाट बघत बसले. ती रडलीच नाही.”

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“ह्याच्या वेळेला शहरात दाखवलं, तेव्हा कळलं की मला शुगर होते म्हणून. ती त्यानंच गेली का, कुणी सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्याला माहीत नाही. सांगू नको.”

कान फुटेल म्हणून सगळ्यांनी जे भरभरून दिलं, तेच ही बाई इतकी वर्षं एकटी उगाळत बसली होती. आणि मी तिला काय काय म्हटलं मनात! मला रडू फुटलं. त्यांनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बर्फी बिघडली ना?” मी म्हटलं, “हौ. लईच.” मग दोघीही हसलो.

पुढचे दोन महिने मी बालुशाहीचं नाव काढलं नाही. बोट टोचून बघितलं की आकडा आधी आत्याबाईंना सांगायचे, मग नवऱ्याला. इन्सुलिनची वेळ आली नाही.

मुलगीच झाली. नर्स बाहेर गेली तेव्हा आई आणि नवरा एकदम म्हणाले, काय झालं, काय झालं? आत्याबाईंनी तिचा हात धरून फक्त विचारलं, “रडलं का?” हे मला नंतर आईनं सांगितलं, नवल वाटून.

चौथ्या दिवशी घरी आलो. संध्याकाळी दिवेलागणीला पोरीनं जो भोंगा पसरला! आई धावली, नवऱ्यानं खुळखुळा आणला, मी पदर सावरत तिला घ्यायला वाकले. आत्याबाई पाळण्याच्या दोरीशी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

“रडू दे गं घडीभर,” त्या म्हणाल्या.

आई आणि नवरा त्यांच्याकडे बघतच राहिले. मी खाली त्यांच्याशेजारी बसले, आणि आम्ही तिला थोडा वेळ तसंच रडू दिलं.