एकसारखे सहा अर्ज

माझ्या दाजींनी आयुष्यात एकदाही स्वतःपुरता चहा मागितलेला नाही. हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतोय. कुणाच्याही घरी गेले आणि तल्लफ आली, की ते आधी शेजारी बसलेल्याकडे झुकून हळू आवाजात विचारणार, "तुम्ही घेणार का?" तो हो म्हणाला की पलीकडच्याला. दोघा-तिघांचा होकार हातात आला, की मग घरच्या बाईंकडे वळून, "आम्हा सगळ्यांचं असं मत पडलं, की..." माझी ताई लग्न होऊन त्यांच्या घरी गेली तेव्हा तिला पहिले काही महिने ही थट्टा वाटली. घरात दोघंच असली की दाजींची पंचाईत व्हायची. मग ते तिलाच विचारायचे, "तुला हवाय का?" ती नको म्हणाली तर मुकाट्यानं पेपर वाचत बसायचे. शेवटी तिनं नको म्हणणंच सोडून दिलं. गेली तीस वर्षं ती नको असलेला चहा पितेय.

दाजी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला कारकून होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो योग्य टेबलावर पाठवायचा, हे पगारातलं काम. खरं काम कर्मचारी संघटनेच्या सरचिटणीसाचं. मूळचे साताऱ्याकडचे, अंगानं किरकोळ, आवाज बारीक. घोषणा द्यायला लागले की आवाज चिरकायचा, म्हणून मोर्चात सहकारी त्यांना मागच्या रांगेत ठेवत. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांचा जीव मोर्चात नव्हताच. साहेबांसमोर कागद मांडून बसायचं आणि मुद्द्यामागून मुद्दा काढायचा, यात होता. पंधरा मागण्या घेऊन आत जायचे आणि चार मान्य करून घेऊन बाहेर यायचे, तेव्हा चेहरा असा, की जणू घरात लग्न ठरलंय.

ही सवय कार्यालयात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. वाशीत त्यांच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर करावे गावच्या चौघी कोळणी मासे घेऊन बसतात. दाजी त्यांच्यापाशी कधी एकटे गेले नाहीत. बिल्डिंगमधली चार माणसं गोळा करून न्यायचे आणि सगळ्यांसाठी एकच भाव ठरवायला बसायचे. इथवर ठीक होतं. पण एकदा मी सोबत असताना त्यातल्या थोरल्या मावशींनी पटकन भाव उतरवला, तर दाजींनीच त्यांना थांबवलं. "मावशी, असं एकटीनं कबूल करू नका. बाकीच्या तिघींना विचारा आधी."

मावशींनी कोयता खाली ठेवला. "दादा, तुमी म्हावरा घ्यायला आले का मिटिंग करायला?"

पण विचारलं त्यांनी. चौघींचं ठरलं आणि भाव पुन्हा वर गेला. आमच्याबरोबरची माणसं दाजींवर जाम वैतागली. दाजी मात्र खुशीत पापलेटं निवडत होते. समोरचाही एकत्र असल्याशिवाय बोलण्याला अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. मावशी पुढे ताईला म्हणाल्या, "तुजा मानूस चांगला हाय गो, पन डोक्यान जरा येगला हाय."

माझी मुलगी सहा वर्षांची असताना दाजींच्या घरी तिनं आइस्क्रीमसाठी भोकाड पसरलं. दाजींनी तिला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पाच मिनिटांनी ती तिच्या आतेभावाला आणि शेजारच्या मुलीला घेऊन परत आली, तिघांच्या वतीनं बोलायला. मी म्हटलं, "चला पळा, मला वेळ नाही." तेव्हा दाजींनी मला स्वयंपाकघरात नेऊन इतक्या गंभीरपणे समज दिली, की मला आपण कारखान्याचे मालक आहोत असं वाटायला लागलं. "नाही म्हणायचा अधिकार तुला आहे," ते म्हणाले, "ऐकायचंच नाही म्हणायचा नाही." मी बसून ऐकलं. शेवटी रविवारवर तडजोड झाली आणि दाजींनी त्याचं इतिवृत्त लिहून फ्रीजवर चिकटवलं, खाली दोन्ही पक्षांच्या सह्यांसकट.

सरकारी नोकरांनी संघटना करून सरकारशी सौदा करावा का, यावर आमचं दोघांचं कधीच पटलं नाही. मी महापेला खाजगी कंपनीत. आमच्याकडे युनियन हा शब्द कुणी लिफ्टमध्येही काढत नाही. मी म्हणायचो, "दाजी, कारखान्यात संप झाला तर मालकाचं नुकसान. तुमच्या संपात नुकसान कुणाचं? खिडकीसमोर उभा राहिलेल्याचं. त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" ते शांतपणे ऐकून घ्यायचे. म्हणायचे, "मालक आहे म्हणून सरकार मला रात्री-बेरात्री निवडणुकीच्या कामाला लावतं, कुठेही बदली करतं. मग मालकाशी बोलायचं म्हटलं की ते मालक नसतं, एकदम जनता होतं. मी बोलायचं कुणाशी?" टीव्हीवर यावर चर्चा लागली की ते आवाज बंद करून बघायचे. त्यांच्याकडे पुढाऱ्यांच्या भाषणांच्या कात्रणांची एक फाइल होती. सत्तेवर असताना केलेली आणि विरोधात असताना केलेली, अशी दोन भागांत. नाव बोटानं झाकून ते मला वाचायला द्यायचे आणि पक्ष ओळखायला सांगायचे. मला एकदाही जमलं नाही.

मग तो संप झाला. कंत्राटी भरती आणि बदल्या हे विषय यापुढे संघटनांशी बोलायचे नाहीत, असं वरून ठरत होतं आणि त्याला विरोध म्हणून राज्यभर काम बंद पडलं. दुसऱ्या दिवशी दाजींचा मला फोन आला. घणसोली गावातले एक म्हातारे गृहस्थ वारसाच्या दाखल्यासाठी दोन बस बदलून आले होते आणि बंद फाटकाला हात लावून अर्धा तास उभे होते. दाजींनी त्यांचं नाव, कामाचा तपशील सगळं लिहून घेतलं, त्यांना बसमध्ये बसवून दिलं. मला म्हणाले, "ही गोष्ट तुझ्या बाजूची आहे. पुढच्या वेळी भांडताना वापर." संप मिटल्यावर त्यांनी पहिला कागद त्या म्हाताऱ्यांचा काढला. मी मात्र तो मुद्दा कधी वापरला नाही. समोरच्यानं हातात दिलेलं हत्यार उचलायला मला कसंतरीच वाटलं.

संप मिटला, पण हाती काही लागलं नाही. उलट महिन्याभरात संघटनेची मान्यता काढल्याचं पत्र आलं. यापुढे संघटनेमार्फत आलेलं निवेदन घेतलं जाणार नाही, कर्मचाऱ्यांनी आपली अडचण वैयक्तिकरीत्या मांडावी, असं त्यात होतं. ते पत्र रीतसर आवकमध्येच आलं. दाजींनीच त्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि योग्य टेबलावर पाठवलं.

त्याच सुमारास ताईला अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी कणीक मळताना डावा हात परातीत तसाच राहिला आणि ती खाली बसली. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा पाय हलेना. डॉक्टर म्हणाले, रोजचा व्यायाम आणि धीर, दुसरं औषध नाही. दाजी रजा काढून तिच्या उशाशी बसले. आणि तिला घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. जव्हार. त्यांच्यासकट सहा जणांच्या बदल्या झाल्या होत्या, सहाही संघटनेचे. त्यात घणसोलीच्या एक शिपाई बाई होत्या, त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली. एक जण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले.

दाजींच्या वरिष्ठ अधिकारी मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी दाजींना केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "पत्नीच्या आजारपणाचा अर्ज द्या. मी आज शिफारस करते, आठवड्यात रद्द होईल. फक्त तुमचा एकट्याचा द्या."

मी त्या संध्याकाळी वाशीला पोचलो तेव्हा दाजी कोरा कागद समोर ठेवून बसले होते. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि अर्ज स्वतः लिहून काढला. खाली सहीपुरती जागा सोडली. "सही करा," मी म्हटलं.

"चांगला लिहिलायस," ते म्हणाले. सही केली नाही.

मग मी खूप बोललो. तुमच्या तत्त्वापायी माझ्या बहिणीनं अंथरुणात पडून राहायचं का, असंही बोललो. मध्ये बोलली ती ताई. आतल्या खोलीतून, तिच्या तेव्हाच्या जड जिभेनं. "अहो, बाकीच्या पाच जणांचं काय?"

"त्यांना कुणी बोलावलं नाही," दाजी म्हणाले.

"मग तुम्ही बोलवा की."

दाजींनी मी लिहिलेला अर्ज पुन्हा वाचला. त्यातला फक्त आजाराचा परिच्छेद बदलता येईल असा ठेवून त्यांनी त्याच्या पाच प्रती केल्या. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच आवक-जावकच्या खिडकीसमोर सहा माणसं रांगेत उभी राहिली. सहा वैयक्तिक अर्ज. मान्यता काढल्याच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे प्रत्येकानं आपापली अडचण, आपापल्या सहीनं. शब्द मात्र तेच, वेळ तीच, आवक नंबर लागोपाठचे. नियमात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मॅडमनी ते सहा कागद टेबलावर पसरले आणि बराच वेळ बघत राहिल्या, असं नंतर शिपाई बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "मॅडमला हसू आलेलं, पन दाबलं त्यांनी."

सहापैकी पाच बदल्या रद्द झाल्या. शिपाई बाईंची झाली, निवृत्तीला आलेल्यांची झाली. दाजींची नाही झाली. मॅडमनी त्यांना पुन्हा बोलावून सांगितलं, की पाच मी भांडून आणल्या, पण सरचिटणीसाची रद्द केली तर वर मला काय उत्तर आहे? दाजींनी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले असणार. पंधरातल्या चार घेऊन बाहेर येणारा माणूस तो, सहातल्या पाच म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मोठीच मजल होती. मी मात्र महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

चौदा महिने ते जव्हारला राहिले. ताईला मी नेरूळला माझ्या घरी आणलं. भाचा तेव्हा शिकायला बाहेरगावी होता. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी तिला धरून उभं करायचो, माझी बायको पाय चोळायची. दाजी शनिवारी दुपारी निघून संध्याकाळी पोचायचे, रविवारी तिचा सगळा व्यायाम स्वतः घ्यायचे आणि उन्हं उतरली की बॅग उचलायचे. जव्हारहून रोज फोन यायचा. काय खाल्लं, किती वेळ उभी राहिली, हात वर जातो का. ताई सगळ्याला बरं म्हणायची.

आता ते निवृत्त झालेत. संघटनेची मान्यता अजून परत आलेली नाही. टीव्हीवर अजून तीच चर्चा चालते, फक्त इकडची माणसं तिकडे बसलेली असतात. माझंही मत पुरतं बदललं असं नाही. घणसोलीचे ते म्हातारे मला अजून फाटकाशी दिसतात. पण गेल्या वर्षी आमच्या कंपनीत आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बोलावून नव्या करारावर सह्या घेतल्या. बाहेर आल्यावर आम्ही कुणी कुणाला विचारलं नाही, की तुझ्या कागदात काय होतं. दाजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

परवा रविवारी आम्ही तिघं करावेच्या बाजूला खाडीकाठी फिरायला गेलो होतो. ओहोटी होती. ताई काठी टेकत, पाय किंचित ओढत, आमच्या दहा पावलं पुढे चालली होती. मागून कुणी धरलेलं तिला आता खपत नाही. मी दाजींना इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "त्या चौदा महिन्यांचा कधी पश्चात्ताप होतो?"

ते त्यांचे नेहमीचे मुद्दे काढतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "होतो."

थोडं चालल्यावर म्हणाले, "ती पहिल्यांदा आधाराशिवाय चालली, तेव्हा मी नव्हतो. मंगळवार होता ना?"

"मंगळवार," मी म्हटलं.

"नीट सांग. कुठून कुठपर्यंत?"

मी सांगितलं. खिडकीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत. मी मोजे घालत होतो, बायको ओरडली म्हणून वर पाहिलं, तर ताई टेबलाला धरून उभी होती आणि हसत होती.

दाजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "पहिला पाय कोणता टाकला तिनं?"

मला आठवेना. मी खूप आठवून पाहिलं. पुढे ताई थांबली होती आणि मागे वळून आमची वाट बघत होती.